बॅरल निवडताना गोळीपासून मागे यावं

जानेवारीत हाती घेतलेलं काम ऑक्टोबरच्या शेवटी संपलं. नव्या रायफलसाठी बॅरल ठरवणं, मागवणं, बसवून घेणं आणि ती मागितल्याप्रमाणे आली आहे का हे पडताळणं, एवढ्याला दहा महिने गेले. त्यात हाताला खरंच काम होतं असे दिवस मोजले तर महिनाही भरणार नाही, बाकी सगळी वाट पाहणं. पण पहिल्या ज्या पंधरा दिवसांत कागद-पेन्सिलीपलीकडे काही लागलं नाही, त्यातच निकालाचा मोठा भाग ठरून गेला. म्हणून तो भाग जरा लांबवून लिहितो. पुढची धावपळ कमी होते.

सुरुवात सगळेच एका प्रश्नाने करतात: कोणाची बॅरल चांगली? हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. नावाजलेल्या कारागिराची उत्तम नळीसुद्धा आपल्या गोळीला जुळत नसेल तर सुंदर लोखंड एवढीच तिची किंमत. त्यामुळे क्रम उलटा लावावा. आधी काम, मग त्या कामाची गोळी, मग त्या गोळीला लागणारा पीळ, मग वजन आणि लांबी, मग पोलाद, आणि उरलेल्या दोन-तीन पर्यायांत कारागीर.

इथे काम होतं कागदी लक्ष्यावर ३०० मीटर, अधूनमधून ६००. काडतूस ६.५ क्रीडमूर, जे काडतुसं बनवणाऱ्या हॉर्नडीने २००७ मध्ये आणलं. त्यातली गोळी १४० ग्रेनच्या (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं छोटं एकक) वर्गातली, मागून निमुळती, लांबी सुमारे १.४ इंच. हा लांबीचा आकडा डब्यावर नसतो, पण तोच सगळ्यात महत्त्वाचा. व्हर्नियर घेऊन दहा गोळ्या मोजा आणि सरासरी लिहून ठेवा. पीळ गोळीच्या वजनावरून ठरवतात असा समज सर्रास आहे, कारण डब्यावर वजन छापलेलं असतं. प्रत्यक्षात गोळी किती लांब आहे यावर तिला किती फिरवायला हवं हे ठरतं. शिसं नसलेली, अखंड तांब्याची गोळी त्याच वजनात बरीच लांब होते, म्हणून तिला जास्त घट्ट पीळ लागतो.

पीळ म्हणजे नळीच्या आतल्या खाचांनी एक पूर्ण वळसा किती इंचात घेतला ते. १:८ म्हणजे आठ इंचात एक फेरा. आकडा लहान तेवढा पीळ घट्ट. जॉर्ज ग्रीनहिल या गणितज्ञाचा १८७९ चा ठोकताळा आजही पहिल्या अंदाजाला चालतो: गोळीच्या व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणा, लांबीने भागा. ०.२६४ इंच व्यास आणि १.४ इंच लांबी घातली की साडेसातच्या आसपास उत्तर येतं. पण हा ठोकताळा जुन्या, बोथट गोळ्यांचा. आजच्या अणकुचीदार, निमुळत्या गोळ्यांना तो गरजेपेक्षा घट्ट पीळ सांगतो. डॉन मिलर यांचं सूत्र त्याहून बरं, कारण ते वजन, व्यास, लांबी आणि पीळ चारही धरून स्थिरतेचा एक आकडा देतं. तो १ च्या खाली गेला तर गोळी हवेत कोलमडते आणि कागदावर गोल भोकाऐवजी लांबट चीर पडते. १.५ किंवा त्याहून वर असेल तर निश्चिंत.

वरच्या गोळीला १:८ पीळ धरला तर मिलरचा आकडा १.६ च्या आसपास येतो. १:९ धरला तर १.२५ च्या आसपास. फसगत होते ती इथेच. १.२५ ला गोळी सरळ जाते, भोकंही गोल पडतात, आणि माणूस म्हणतो की चाललंय की! पण अशा काठावरच्या स्थिरतेत गोळी किंचित डुलत राहते, हवेचा रोध जास्त खाते आणि लांबच्या अंतरावर वाऱ्याने अपेक्षेपेक्षा जास्त सरकते. दोष मग वाऱ्याच्या अंदाजाला दिला जातो. शिवाय थंड हवा दाट असते. उन्हात १.६ देणारी नळी शून्य अंश सेल्सिअसला दीडवर येते, म्हणजे गणितात थोडी शिल्लक हवीच.

मग १:७ का नको? घट्ट पिळाने गोळी जास्त गरगरते, आणि तिच्या वजनात काडीचा असमतोल असेल तर तो तेवढाच वाढून दिसतो. सेकंदाला २७०० फूट वेगाने १:८ मधून निघालेली गोळी मिनिटाला २,४३,००० फेरे घेते. पातळ कवचाच्या हलक्या गोळ्या फार घट्ट पिळातून जास्त वेगाने सोडल्या तर हवेतच फुटू शकतात. लक्ष्यावर भोकच नाही, आणि मधल्या हवेत एक राखाडी धुराची रेघ दिसली, तर कारण बहुधा हेच. १:८ ठरवला. हेच काम .३०८ या काडतुसात १६८ ग्रेनच्या गोळीने करायचं असतं तर १:१२ सुद्धा पुरला असता. त्या गोळीची लांबी १.२३ इंचाच्या आसपास, आणि मिलरचा आकडा १.६५ च्या घरात.

पिळानंतर वजन. स्पर्धेचे नियम आधी बघा, कारण बॅरल हा रायफलचा सगळ्यात जड भाग आणि वजन कमी-जास्त करायला सगळ्यात मोठी जागाही तीच. आयएसएसएफ या आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या ३०० मीटर रायफलला ८ किलोची मर्यादा आहे, ३०० मीटर स्टँडर्ड रायफलला ५.५ किलोची. एफ-क्लास या पालथं पडून खेळायच्या लांब पल्ल्याच्या प्रकारात एफ-टीआर गटाला ८.२५ किलो, ओपनला १०, आणि एफ-टीआरमध्ये .२२३ आणि .३०८ ही दोनच काडतुसं चालतात. दुर्बीण, तिची माउंट, स्टॉक (खांद्याला लागणारा दस्ता), नळी मागून बंद करणारा बोल्ट धरणारी अ‍ॅक्शन हे सगळं स्वयंपाकघरातल्या काट्यावर वेगवेगळं तोललं, बेरीज मर्यादेतून वजा केली. उरलं ते बॅरलचं. एक इंच व्यासाची, २६ इंच लांब सरळ पोलादी नळी साधारण २.४ किलो भरते. यावरून निमुळत्या नळीचा अंदाज बांधता येतो, आणि कारागीर आपापल्या आकारांची वजनं देतातच. वजनाच्या हिशेबात दोनशे ग्रॅम मोकळे ठेवावेत. स्क्रू, रायफल स्टॉकमध्ये घट्ट बसवणारी बेडिंगची राळ, गालपट्टीची गादी हे सगळं मिळून ते खाऊन टाकतात.

जाडीचा मोह का असतो, हे आकड्यात पाहिलं तर कळतं. नळीचा ताठरपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. पाऊण इंचाऐवजी ०.९ इंच घेतला तर ताठरपणा दुप्पट. उलट लांबी वाढवली की तो तिसऱ्या घाताने घटतो, म्हणजे तोच आकार २४ ऐवजी २८ इंच केला तर नळी दीडपटीहून जास्त लवचिक. एका इंचाने मिळणारा वेग ढोबळमानाने सेकंदाला २० ते २५ फूट. ३०० मीटरला त्याची किंमत फारशी नाही. २६ इंच ठरले.

बाहेरून खाचा पाडलेली बॅरल देखणी दिसते. पण खाचा पाडल्याने तीच नळी ताठ होत नाही, थोडी कमीच ताठ होते. वजन मात्र घटतं. तेवढ्याच वजनाच्या बारीक गोल नळीपेक्षा खाचांची जाड नळी ताठ, एवढाच तिचा फायदा. आणि तयार, घोटलेल्या नळीवर नंतर कोणाकडून खाचा पाडून घेऊ नयेत. बाहेरचं लोखंड निघालं की आतला ताण सुटतो आणि आतलं माप जागोजागी बदलतं. हव्याच असतील तर बनवणाऱ्याकडूनच, शेवटच्या घोटाईच्या आधी. कार्बन फायबर गुंडाळलेली बॅरल डोंगर चढणाऱ्या शिकाऱ्यासाठी. गादीवर पालथं पडून नेम धरणाऱ्याला तो खर्च कशाला?

पोलादाचा प्रश्न लवकर सुटला. ४१६आर हे गंजरोधक म्हणवणारं, पण तेल न लावल्यास गंजणारं पोलाद. घोटाईला सोपं, घशाशी (काडतूस बसतं त्या चेंबरच्या पुढे खाचा सुरू होतात तिथे) थोडं जास्त टिकतं. क्रोम-मॉली, म्हणजे ४१४० किंवा ४१५०, जास्त चिवट. कडाक्याच्या थंडीत बारीक आकाराची बॅरल वापरायची असेल तर ४१६आर बद्दल काही बनवणारेच सावध करतात. जाड लक्ष्यवेधी बॅरलला तो प्रश्न नाही. दोन्हींपैकी एक अचूक आणि दुसरं नाही, असं काही नसतं.

आता नळीच्या आतल्या खाचा पाडण्याची रीत, ज्यावर सगळ्यात जास्त भांडणं होतात. छिद्र आधी लांब ड्रिलने, मग रीमरने, म्हणजे ते नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने. त्यानंतर तीन मुख्य वाटा. कापून पाडलेल्या खाचांत एकच हत्यार नळीतून पुन्हा पुन्हा ओढतात आणि दर फेरीला इंचाचा जेमतेम दहा हजारावा भाग निघतो. ६.५ मध्ये खाच ०.००४ इंच खोल, म्हणजे एका खाचेला चाळीस फेऱ्या, पाच खाचांना दोनशे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली प्रॅट अँड व्हिटनीची यंत्रं अजून या कामाला जुंपलेली आहेत. पोलादावर जोर पडत नाही म्हणून ताण कमी राहतो. क्रीगर आणि बार्टलाइन या वाटेचे. बटन रीतीत कार्बाइडचं खाचांच्या आकाराचं बटन एकाच खेपेत नळीतून ओढतात किंवा ढकलतात. पोलाद कापलं जात नाही, दाबलं जातं. पृष्ठभाग सुरेख येतो, पण आत ताण बसतो आणि तो भट्टीत नीट काढावा लागतो. शिलेन, लिल्या, लोथर वाल्थर ही बटनवाली नावं. तिसरी रीत आकारदांड्यावर नळी हातोड्यांनी ठोकून आवळण्याची, जी कारखान्यांना परवडते. तिथली यंत्रं एवढी महाग की सुटी एक बॅरल मागवणाऱ्याचा तिच्याशी संबंध क्वचितच येतो.

कापलेली बरी की बटनची? दोन्ही रीतींच्या नळ्यांनी सामने जिंकले आहेत. रीत कोणतीही असो, विकत घ्यायचा असतो तो सारखेपणा. खाचांचा व्यास ०.२६४० असावा की ०.२६४३, याने फार बिघडत नाही. तो सगळ्या लांबीत तोच राहतो का, यावर सगळं आहे. चांगले कारागीर हवेच्या दाबावर चालणाऱ्या गेजने नळी मापतात आणि फरक ०.०००२ इंचाच्या आत ठेवतात. माणसाचा केस साधारण तीन थाऊ (इंचाचे हजारावे भाग) जाड, त्याच्या पंधराव्या भागाएवढी ही सूट. व्यास कुठे बदललाच तर तो तोंडाकडे किंचित आवळता चालेल. तोंडाकडे सैल होणारी नळी गोळीची पकड नेमकी शेवटच्या क्षणी सोडते. पिळाचंही तसंच. बटन मध्येच घसरलं तर पुढे पीळ सैल पडतो आणि गोळीवर आधी उमटलेल्या खाचा पुढच्या खाचांशी जुळत नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात, पण घाईने ओढलेल्या नळीत तो न जळताच सुटलेला असतो.

खाचा चार, पाच की सहा, हा बराचसा आवडीचा भाग. पाच खाचांच्या ५आर आकारात दोन खाचांमधल्या उंचवट्यासमोर खाच येते आणि उंचवट्यांच्या बाजू तिरप्या असतात. गोळीचं कवच कमी चेमटतं आणि तांबं साफ करायला सोपं जातं. अचूकतेत नेमबाजाला फरक जाणवेल असं वाटत नाही. तरी पाच घेतल्या, साफसफाईच्या आळसापोटी.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात मागणीपत्रक भरलं. त्यात चुका होतात त्या दोन ठिकाणी. एक, लांबी. तयार लांबी बोल्टच्या तोंडापासून नळीच्या तोंडापर्यंत मोजतात. ब्लँकची (चेंबर न कापलेल्या कच्च्या नळीची) लांबी त्याहून जास्त हवी, कारण घोटताना दोन्ही टोकं किंचित फाकतात आणि ती कापून टाकावी लागतात. दोन्हींकडून मिळून दोन इंच जास्त मागितले. दुसरी चूक आकाराची. मागचा पूर्ण जाडीचा भाग किती इंच, निमुळतेपण कुठून सुरू आणि तोंडाशी व्यास किती, हे तिन्ही आकडे लिहा. आकाराच्या नावावर विसंबू नका, एकाच नावाचे आकार प्रत्येकाकडे वेगळे असतात. तोंडाला आटे पाडून धक्का कमी करणारा ब्रेक लावायचा असेल तर तिथला व्यास पाऊण इंचाच्या खाली नको. भिंत पातळ झाली की आटे पाडताना आतलं भोक फाकतं. आणि स्टॉकची खोबण या नव्या जाडीला पुरते का, ते तेव्हाच मोजून घ्या. इथे मोजलं नव्हतं. त्याचे दोन आठवडे पुढे गेले.

एकाच पत्रकावर दोन ब्लँक मागवल्या, एकाच पोलादाच्या, एकाच मापाच्या. ६.५ क्रीडमूरची बॅरल सामन्याच्या दर्जाची अचूकता साधारण २००० ते ३००० गोळ्यांपर्यंत देते. मग घसा उष्णतेने खाल्ला जातो. .३०८ पाच हजारांच्या पुढेही जाते. मोठ्या केसची (दारू भरतात त्या पितळी नळकांड्याची), छोट्या भोकाची काडतुसं हजार-बाराशेतच थकतात. बॅरल ही गाडीच्या टायरसारखी खपाची वस्तू आहे हे एकदा मनाने घेतलं की खर्चाचा हिशेब सोपा होतो. बॅरल आणि बसवणावळ यांची बेरीज अडीच हजारांनी भागा आणि ती एका काडतुसाच्या किमतीशेजारी ठेवा. काडतूस महाग निघतं. एकूण खर्चात ब्लँकचा वाटा निम्म्याहून थोडा कमी पडला. बाकी बसवणावळ, वाहतूक आणि कागदपत्रं.

कागदपत्रांचं म्हणाल तर ते काम बॅरल निघायच्या आधी संपवा, आल्यावर नाही. पुष्कळ देशांत नुसती नळीसुद्धा परवान्याखालचा भाग धरतात. विकत घेण्याआधी परवानगी, आल्यावर क्रमांकाची नोंद आणि जुन्या नळीचं काय केलं याचा जबाब लागतो. सीआयपी या शस्त्रतपासणीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या सदस्य देशांत बसवलेली बॅरल अधिकृत प्रूफ हाउसमध्ये जास्त दाबाच्या काडतुसाने तपासून शिक्का मारून घ्यावी लागते, आणि त्या रांगेचे दिवस वेगळे. सीमेपलीकडून येणार असेल तर पाठवणाऱ्या देशाचा निर्यात परवानाही लागू शकतो. अर्जातलं कॅलिबर, लांबी आणि बनवणाऱ्याचं नाव पावतीशी अक्षरशः जुळायला हवं. एका कागदावर ६.५ मिमी आणि दुसऱ्यावर .२६४ असं लिहिलं गेलं म्हणून एक अर्ज परत आला. दोन्ही एकच, हे समजावण्यापेक्षा अर्ज नव्याने भरणं लवकर झालं.

सांगितले सोळा आठवडे, लागले बावीस. या काळात करण्यासारखं एकच काम, ज्याच्याकडून बॅरल बसवून घ्यायची तो परवानाधारक गनस्मिथ ठरवणं आणि त्याची रांग धरणं. चांगल्या माणसाकडेही महिन्याची रांग असतेच.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात पेटी आली. उघडल्यावर लगेच तपासणी, कारण एकदा चेंबर कापलं की बनवणारा सहसा परत घेत नाही. आधी नळीवरचे शिक्के: कॅलिबर, पीळ, पोलाद, क्रमांक. मग पीळ स्वतः मोजला. फिरत्या मुठीच्या दांड्यावर घट्ट चिंधी लावून आत सरकवली, दांड्याच्या वरच्या बाजूला खूण केली, खूण पूर्ण फिरून पुन्हा वर येईपर्यंत दांडा किती आत गेला ते पाहिलं. चार वेळा मोजलं, आठ इंच. सूतभर इकडे-तिकडे झालं तर दोष बहुधा चिंधी घसरल्याचा. पुन्हा मोजा.

मग मऊ शिशाची, भोकापेक्षा किंचित मोठी गोळी तेल लावून मागून हलकेच ठोकून आत घातली आणि दांड्याने सावकाश ढकलली. ही परीक्षा हाताला जे सांगते ते यंत्राशिवाय दुसरं कोणी सांगत नाही. दाब सगळीकडे सारखा लागला पाहिजे. मध्येच दांडा सुटल्यासारखा पळाला तर तिथे नळी सैल, अडला तर आवळ. शेवटच्या इंचभरात सैल वाटली तर घाबरू नका, तो फाकलेला भाग कापला जाणार आहे. बाहेर आलेल्या शिशाचा व्यास मोजताना एक अडचण येते. खाचा पाच असतील तर खाचेसमोर उंचवटा येतो आणि साध्या मायक्रोमीटरने खरा व्यास मिळतच नाही. त्याला व्ही आकाराच्या ऐरणीचा मायक्रोमीटर लागतो. साध्याने मोजून बॅरल लहान मापाची आली असा ओरडा करणारे दरवर्षी असतात.

बोअरस्कोप (नळीच्या आत पाहायची दुर्बीण) असेल तर बघा, पण जपून. त्यात प्रत्येक ओरखडा दरीसारखा दिसतो. पाहायचं एवढंच की घोटाईच्या रेघा नळीच्या लांबीच्या दिशेने आहेत का. आडव्या, रीमरच्या चाकोऱ्या उंचवट्यांवर ठळक उरल्या असतील तर घोटाई अपुरी. आरशासारखी चकाकी मागू नये, तिने काही साधत नाही.

ऑगस्टमध्ये ब्लँक गनस्मिथकडे गेली. सोबत तीन गोष्टी दिल्या: अ‍ॅक्शन, बोल्ट आणि ज्या गोळीसाठी सगळा घाट घातला ती गोळी बसवलेलं, बार नसलेलं नमुन्याचं काडतूस. घसा किती लांब ठेवायचा हे त्या नमुन्यावरून ठरतं. घसा फार लांब झाला तर गोळी खाचांपर्यंत पोचतच नाही, फार आखूड झाला तर ती केसमध्ये खोल दाबावी लागते, आणि मॅगझिनची लांबी मध्ये येते ती वेगळीच. गनस्मिथला विचारायचे प्रश्न मोजके. लेथवर नळी कशावरून केंद्रात आणता? बाहेरच्या व्यासावरून, असं उत्तर आलं तर ब्लँक उचलून घरी या. लांब ड्रिल थोडंफार भरकटतंच, भोक बाहेरच्या गोलाईच्या मधोमध नसतं. केंद्र आतल्या खाचांवरून, लांब टोकाच्या डायल गेजने, घशापाशी धरायचं असतं. दोन्ही टोकं जुळवली तरी मधली नळी किंचित वाकडी असते. ती वाकडी बाजू तोंडाशी वर येईल अशी बसवता का, हाही प्रश्न जाणकाराला आवडतो. चेंबरचं केंद्र अर्ध्या थाऊच्या आत हवं. रीमरचा पायलट (पुढचं, दिशा धरणारं टोक) याच नळीच्या भोकाला बेताचा हवा, सैल पायलटने चेंबर मागच्या बाजूला मोठं होतं.

पाच आठवड्यांनी रायफल परत आली. हेडस्पेस, म्हणजे बंद बोल्ट आणि चेंबरमधली काडतुसाची टेकण यांतलं अंतर, गो आणि नो-गो गेजने समोर तपासून घ्या. .३०८ मध्ये ही गेज १.६३० आणि १.६३४ इंचांची असतात, म्हणजे सगळी सूट चार थाऊ. बोल्ट पहिल्यावर सहज मिटायला हवा, दुसऱ्यावर मिटता कामा नये. क्राउन (नळीच्या तोंडाची कड) भिंगातून पाहा, कापसाचा बोळा आतून बाहेर फिरवा. तंतू अडकला तर तिथे धातूची बारीक खरबरीत कड राहिली आहे. बॅरल आणि स्टॉक यांच्यामधून कागदाची पट्टी मागपर्यंत फिरली पाहिजे. इथे ती मध्येच अडकली. खोबण न मोजल्याची शिक्षा ती हीच. खोबण रुंद करून घेण्यात वर सांगितलेले दोन आठवडे गेले.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पहिली गोळी. बॅरल मुरवण्याच्या विधींवर लोक व्रतवैकल्यांसारखे वाद घालतात. घोटलेल्या नळीला फारसं मुरवायचं नसतं. मुरवायचा असतो तो नवा कापलेला घसा, ज्यात रीमरच्या आडव्या रेघा ताज्या असतात. त्या गोळीचं तांबं खरवडतात आणि ते पुढे नळीभर चिकटतं. एक गोळी, मग सफाई, असं पाच वेळा. चिंधीवरचा निळा रंग तिसऱ्या खेपेला निम्मा झाला, पाचव्याला पुसट. मग तीन-तीनचे दोन गट आणि सफाई. बस. सफाई मागून, बोअर गाइड (दांडा मधोमध धरणारी नळी) घालून, अखंड दांड्याने. पितळी जॅग (दांड्याचं चिंधी धरणारं टोक) वापरला तर तांबं विरघळवणारं औषध जॅगलाच लागून चिंधी कायम निळी येते आणि माणूस स्वच्छ नळी घासत बसतो. निकेल चढवलेला जॅग घ्या. अमोनियाचं औषध रात्रभर आत ठेवू नका.

नवी बॅरल पहिल्या शंभर-दोनशे गोळ्यांत बऱ्याचदा थोडी वेगवान होते. त्याआधी काडतूस पक्कं ठरवून मोठा साठा करू नये, वेग बदलला की जमलेलं बिघडतं. तोवर एकाच लॉटची काडतुसं वापरली आणि वेग लिहून ठेवला.

खरी परीक्षा दोनशेनंतर. तीन गोळ्यांचा गट काहीही सांगतो, तो फक्त फोटोला चांगला. दहा गोळ्या थांबून थांबून, प्रत्येकीनंतर मिनिटभर वाट पाहून. मग दुसऱ्या कागदावर दहा गोळ्या सलग, नळी तापेपर्यंत. दोन्ही कागद उजेडात एकावर एक धरले. गट तापल्यावर थोडा पसरला तर चालतं. पण भोकं एकाच दिशेने चालत गेली, दहावी पहिलीपासून वर-उजवीकडे लांब, तर नळीत ताण अडकलेला असू शकतो. बॅरलला दोष देण्याआधी मात्र अ‍ॅक्शनचे स्क्रू, दुर्बिणीची माउंट आणि स्टॉकची खोबण या क्रमाने तपासा. दहापैकी बहुतेक वेळा चोर तिथेच सापडतो. इथे गट जागेवर राहिला, तापल्यावर जरा रुंद झाला एवढंच.

दुसरी ब्लँक तेल लावून, दोन्ही तोंडांना टोपणं घालून कपाटात आहे, तिचा क्रमांक परवान्यावर चढला आहे. दर दोनशे गोळ्यांनी गोळी खाचांना कुठे टेकते ते मोजून वहीत लिहायचं. घसा पुढे सरकू लागला की ते आकडेच आधी सांगतील. वहीत आज २३६ गोळ्या आहेत आणि टेकण्याची जागा बसवली त्या दिवशी होती तिथेच आहे.